बिनतारी जाळ्यांतील गतिशीलता व्यवस्थापन

मोबाइल फोन जवळ बाळगणारा माणूस कोठेही गेला तरी त्याला कॉल लागावा आणि चालू असलेला कॉल वाटेत तुटू नये, यासाठी बिनतारी जाळ्याच्या रचनेतच केलेली तरतूद. फोन नुसता सुरू असताना त्याचा ठावठिकाणा ठेवणे हे तिचे एक अंग. संभाषण चालू असताना त्याला एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवणे, म्हणजे हँडओव्हर, हे दुसरे.

प्रदेशाचे छोटे छोटे सेल पाडून त्याच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरण्याची कल्पना बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतील डी. एच. रिंग यांनी १९४७ मध्ये मांडली. सेल जितके लहान तितके अधिक ग्राहक सामावतात, पण तितक्याच सीमाही वाढतात. क्षमतेचा आणि गतिशीलतेचा हा झगडा तेव्हापासून मिटलेला नाही.

ठावठिकाणा ठेवण्याचे दोन टोकाचे मार्ग आहेत. फोनने प्रत्येक सेल ओलांडताना कळवायचे ठरवले तर बॅटरी आणि सिग्नलिंग वाहिन्या (फोन व जाळे यांच्यातील नियंत्रणाचे निरोप वाहून नेणाऱ्या) त्यातच खर्ची पडतात. काहीच कळवायचे नाही असे ठरवले, तर एका कॉलसाठी जाळ्यातल्या सगळ्या टॉवरवरून हाक द्यावी लागते. या हाकेला पेजिंग म्हणतात. म्हणून जीएसएममध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या (२जी) मोबाइल पद्धतीत, अनेक सेलचा मिळून एक लोकेशन एरिया केला जातो. तो बदलला तरच फोन कळवतो, आणि कॉल आला की तेवढ्याच भागात पेजिंग होते. रचनाकाराचे खरे कसब ही सीमा कोठे आखायची हे ठरवण्यात लागते. ती वर्दळीच्या रेल्वेमार्गाला छेदून गेली, तर भरलेल्या गाडीतले शेकडो फोन जवळजवळ एकाच क्षणी नोंदणीसाठी धावतात. एलटीईने, म्हणजे चौथ्या पिढीच्या (४जी) पद्धतीने, यावर सुरेख तोडगा काढला: प्रत्येक फोनला ट्रॅकिंग एरियांची (लोकेशन एरियासारख्याच सेलच्या गटांची) यादी दिली जाते आणि ती फोनागणिक वेगळी असू शकते. त्यामुळे सर्वांसाठी एकच अशी सीमा उरत नाही.

हँडओव्हरमध्ये निर्णय कधी घ्यायचा हा कळीचा प्रश्न. मोबाइल जाळ्यांच्या पहिल्या पिढीत शेजारचे टॉवर फोनचा सिग्नल मोजत. जीएसएमपासून फोन स्वतःच शेजारचे सेल मोजून जाळ्याला कळवू लागला. शेजारचा सिग्नल चालू सिग्नलपेक्षा काही डेसिबलने सरस असावा आणि ठराविक काळ तसा टिकावा, अशी अट घालतात. अट सैल ठेवली तर फोन दोन सेलमध्ये मागेपुढे टोलवला जातो, कडक ठेवली तर सोपवण्याआधीच कॉल तुटतो. समजा, ही मुदत ६४० मिलिसेकंद आहे. तेवढ्यात पायी चालणारा जेमतेम एक मीटर सरकतो; ताशी ३०० किमी वेगाची गाडी पन्नासहून अधिक मीटर पुढे गेलेली असते. एकच आकडा दोघांना पुरणार नाही हे उघड आहे. म्हणूनच एलटीईमध्ये वेगानुसार ही मुदत कमी करण्याची सोय आहे. वेगवान वाहनांना छोट्या सेलऐवजी वरून छत्र धरणाऱ्या मोठ्या सेलवर ठेवणे हा जुना आणि आजही उपयोगी पडणारा उपाय.

सीडीएमए पद्धतीत, म्हणजे जिथे अनेक फोन एकच फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या संकेतांनी वापरतात तिथे, फोन काही काळ दोन टॉवरशी एकाच वेळी जोडलेला राहतो. यात कॉल सुरक्षित राहतो, पण दोन्हीकडची साधने अडकतात. एलटीईने ही पद्धत घेतली नाही.

येणाऱ्या हँडओव्हरसाठी काही चॅनल राखून ठेवण्याचीही पद्धत आहे. नवा कॉल न लागणे माणूस सहन करतो, बोलता बोलता तुटणे मात्र फार खटकते. राखीव चॅनल जास्त झाले तर नवे कॉल विनाकारण नाकारले जातात, हे भान ठेवावे लागते.

इंटरनेटमध्ये अडचण पत्त्याची असते: आयपी पत्ता जाळ्यातील जागेशी बांधलेला असतो. १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या मोबाइल आयपीमध्ये मूळ जाळ्यातला एजंट डेटा नव्या ठिकाणी पाठवत राहतो. मोबाइल जाळी हेच काम आपल्या अंतर्भागातील टनेलने, म्हणजे डेटा दुसऱ्या वेष्टनात घालून नेणाऱ्या आभासी मार्गाने, करतात, त्यामुळे टॉवर बदलला तरी फोनचा पत्ता बदलत नाही.

हँडओव्हर फसण्याचे एक मोठे कारण असे, की जुन्या टॉवरचा सिग्नल खालावल्यावर त्याचा आदेशच फोनपर्यंत पोहोचत नाही. ५जीच्या सशर्त हँडओव्हरमध्ये सिग्नल चांगला असतानाच पुढच्या सेलची तयारी आणि अट फोनला देऊन ठेवतात. अट पूर्ण झाली की फोन स्वतः बदल करतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतील उपग्रहांच्या जाळ्यात ही पद्धत विशेष कामी येते. तेथे उपग्रह सेकंदाला सुमारे ७.५ किमी वेगाने सरकतो, त्यामुळे एका जागी बसलेल्या माणसाचाही हँडओव्हर करावा लागतो. कक्षा आधीच ठाऊक असल्याने तो कोणत्या वेळी करायचा हे मात्र अगोदर ठरवता येते.