पाटीवरचं वडूज

सातारा स्टँडवर माझी आत्या कधी पाटीकडं बघायची नाही. शेजारच्याला विचारायची, "ही गाडी वडूजला जाती का रं?" साठी जवळ आल्यावर नातवाच्या अंकलिपीतून ती अक्षरं गिरवायला लागली, तेव्हा पहिली हसली तीच. "अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या, आन् आता शाळा!"

तिच्या मेंदूला मात्र गोवऱ्यांचा हिशेब ठाऊक नव्हता.

बोलणं मूल आपसूक उचलतं, वाचणं नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः राखीव जागा असायचं कारणच नाही. म्हणून वाचायला शिकताना चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाशेजारचा, डाव्या बाजूचा एक तुकडा अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या 63 प्रौढांचे मेंदू तपासले. त्यात लहानपणी शाळेत गेलेले होते, मोठेपणी साक्षर झालेले होते आणि निरक्षरही. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही तो तुकडा अक्षरांना प्रतिसाद देत होता.

यात एक गंमत आहे. गाईचं तोंड डावीकडं असो की उजवीकडं, गाय ती गायच. आपली नजर तशीच घडलेली आहे. वाचताना ही सवय मोडावी लागते. आत्या पंधरा दिवस अडली ती वेलांटीवर. 'कि' आणि 'की' तिला एकच वाटायचे, काना कुठल्या बाजूला आहे यानं काय बिघडतं, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, तिची तक्रार रास्त होती.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर आपल्याच लिपीवरचा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, बहुतेक तिशीच्या आसपासच्या निरक्षर बायकांना सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूची छायाचित्रं घेतली. बदल केवळ वरच्या थरात नव्हता. थॅलॅमस आणि मेंदूचं खोड या खोलवरच्या, फार जुन्या भागांचा दृष्टीच्या केंद्राशी ताळमेळ वाढला होता.

मग प्रौढ वाचक का अडखळतात? गोम वेगात आहे. 'सा… ता… रा…' असं अक्षर अक्षर लावत वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते, कारण क्षणभराची स्मृती थोडंच धरून ठेवते. पोरं वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास वाचतात, म्हणून त्यांना वेग येतो. प्रौढाच्या वाट्याला रान उरकल्यावर रात्रीचा एखादा तास. शिवाय पुष्कळदा दोष मेंदूचा नसतोच, चाळिशी लागलेली असते आणि चष्मा नसतो!

याच जिल्ह्यात 1959 मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पण समारंभानंतर वाचायला काय, हा प्रश्न उरतोच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसनं 1885 मध्येच दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं. त्यानंच असंही दाखवलं, की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि एका दमात घोकण्यापेक्षा दिवसादिवसांच्या अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते. माझ्या मते गावात रोजचं वर्तमानपत्र येणं हे समारंभापेक्षा मोलाचं.

वयाची एक बाजू आत्याच्या फायद्याचीही होती. डोकं सर्वांत झटपट चालतं ते अठरा-एकोणीसच्या सुमाराला, शब्दसंग्रह मात्र साठी उलटेपर्यंत वाढत राहतो. 'नांग' एवढं वाचलं की पुढचा 'र' ती न बघताच म्हणायची. नातवाला नांगर चित्रातच माहीत.

आता गाडी फलाटाला लागेस्तोवर तिचं 'व… डू… ज' पुरं होतं. परवा एलईडीची पाटी आली, अक्षरं सरकणारी. 'व' धरला तोवर 'ज' निघून गेला.

"ही थांबत का न्हाई रं?" आत्यानं मला विचारलं.