जास्वंद: बी का धरत नाही आणि मिलीबग कुठून आला

पाच पाकळ्यांची लाल गावठी जास्वंद वर्षानुवर्षं दारात फुलते, पण तिला बी धरलेलं क्वचितच दिसतं. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिच्या शास्त्रीय नावात 'चिनी गुलाब' घातलं खरं, पण चीनच काय, कुठल्याच रानात ती आपसूक वाढलेली खात्रीने सापडलेली नाही. अलीकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिला पॅसिफिक बेटांवरच्या जातींचा संकर मानू लागले आहेत. संकर, त्यात गुणसूत्रांचे जादा संच, त्यामुळे बीज जवळपास वांझ. ती जगभर पसरली ती माणसाच्या हातून, फांदी-फांदीने.

भारतात ती जुनीच, संस्कृतात जपा. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रीड याने करवून घेतलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात (१२ खंड, १६७८ ते १६९३) ती मल्याळी नावाने आहे. याच ग्रंथाला रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांनी १६७५ मध्ये कोकणीत, नागरी लिपीत दाखला लिहून दिला होता.

फांदी लावायची रीत आजही तीच. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, १२ ते १५ सेंटीमीटरची, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्या. खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जाऊ द्या. मुळं धरायला चार ते सहा आठवडे लागतात. आधीच पालवी फुटली म्हणून उपटून पाहू नका. ती फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असते.

मोठ्या, दुरंगी फुलांच्या हायब्रिड जाती ही विसाव्या शतकाची देणगी, त्यात हवाई बेटांवरच्या संकरांचा वाटा मोठा. फूल देखणं, पण बऱ्याच जातींची मुळं नाजूक, म्हणून त्यांचं कलम काटक जास्वंदीच्या मुळासकट बुंध्यावर, म्हणजे खुंटावर, बांधतात. "पिवळी आणली होती, दोन वर्षांनी लाल झाली" ही तक्रार इथूनच येते. फूल बदललेलं नसतं. जोडाखालून खुंटाचा फुटवा वर येऊन त्याने पिवळीला मागे सारलेलं असतं. जोडाखाली दिसेल तो फुटवा बुडातून काढावा. थंडीही हायब्रिडला जास्त बाधते: पारा १० अंशांखाली गेला की पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत कुंडी भिंतीच्या आडोशाला हवी आणि पाणी कमी.

आता मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या मूळचा आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही. त्याचं शास्त्रीय वर्णन १९०८ मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून झालं. १९९४ मध्ये तो कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात पोचला आणि तिथली झाडं उजाड केली. उलट कपाशीवरचा पिठ्या बाहेरून आलेला. साधारण २००५ पासून तो आपल्या कपाशीवर माजला आणि जास्वंद त्याला आयताच आसरा ठरली.

गुलाबी पिठ्या रस शोषताना विषारी लाळ सोडतो, त्यामुळे शेंडा गुच्छासारखा आखडतो. असा शेंडा सरळ होत नाही. कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. बाकी झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि १ मिली द्रवसाबण घालून संध्याकाळी, सात-सात दिवसांनी तीनदा फवारा. एकदा फवारून भागत नाही, कारण अंडी कापसासारख्या पिशवीत सुरक्षित राहतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. चिकट गोड्या स्रावासाठी मुंग्या या किडीची राखणच करतात.

फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून न छाटलेली जास्वंद उंच होते आणि फुलं मात्र शेंड्याला दोन-चार. गणपतीला भरपूर फुलं हवी असतील तर जूनच्या पहिल्या आठवड्यात फांद्या एक तृतीयांश छाटा. ऑगस्टमध्ये छाटली तर ऐन चतुर्थीला झाडावर नुसती पालवी असेल.