देणगीदार व्यवस्थापन प्रणाली

स्वयंसेवी संस्था, धर्मादाय न्यास, शाळा व रुग्णालये यांना मिळणाऱ्या देणग्यांची आणि त्या देणाऱ्यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर. पावती पुस्तक, पत्त्यांची वही आणि बँकेचे पासबुक यांची सांगड ते एका जागी घालते. अमेरिकेतील ब्लॅकबॉड कंपनी 1981 पासून या क्षेत्रात आहे. सिव्हिसीआरएम ही मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही मोफत वापरता व बदलता येणारी, प्रणाली असून ती वर्डप्रेस, द्रुपल किंवा जुमलावर चालणाऱ्या संकेतस्थळाला जोडता येते.

भारतात या प्रणालींना अलीकडे जे वळण लागले, ते मुख्यतः करकायद्यामुळे. आर्थिक वर्ष 2021-22 पासून 80जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला आयकरात सवलत मिळते) असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचे विवरण 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडीत भरावे लागते. त्यावरून निघालेले 10बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. सवलतीसाठी नुसती छापील पावती पुरेनाशी झाली. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क बसते. म्हणून पावती फाडतानाच तपासणी करणारी सुविधा आली, आणि छोट्या संस्थेला सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो. पॅनचे चौथे अक्षर ‘पी’ असेल तर तो व्यक्तीचा, ‘सी’ असेल तर कंपनीचा. कारखानदार धनादेश कंपनीच्या खात्याचा देतो आणि पॅन स्वतःचा सांगतो, अशी गफलत नेहमीची; ती मे महिन्यात सापडण्यापेक्षा त्याच दिवशी सापडलेली बरी. 2,000 रुपयांवरील रोख देणगीला 80जीची वजावट मिळत नाही, ही सूचनाही तिथेच दाखवता येते. एकाच माणसाच्या आद्याक्षरांनी एक आणि पूर्ण नावाने दुसरी अशा दोन नोंदी पॅन व मोबाइल क्रमांकावरून एकत्र करता येतात.

दरमहा देणगीसाठी उपयोगी पडणारे यूपीआय ऑटोपे, म्हणजे एकदा संमती दिली की ठरलेली रक्कम आपोआप वळती करणारी सोय, जुलै 2020 मध्ये सुरू झाले. अशा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले, तेव्हा कार्डावरच्या कित्येक जुन्या मासिक देणग्या थांबल्या. हप्ता चुकला की संस्थेला कळवणारी आणि देणगीदाराला नव्या संमतीची लिंक पाठवणारी सोय त्यामुळे आवश्यक ठरली.

परदेशातून येणारी रक्कम हा नाजूक भाग. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे दिले, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. त्याच्याच शेजाऱ्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देते ते) असूनही ठरते. अशी रक्कम घेण्यासाठी विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. म्हणून चांगली प्रणाली राहण्याचा देश आणि नागरिकत्व असे दोन वेगळे रकाने ठेवते.

माहितीची सुरक्षा ही या प्रणालींची सर्वांत अवघड बाजू. 2020 मध्ये ब्लॅकबॉडवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला आणि जगभरातील हजारो संस्थांच्या देणगीदारांची माहिती बाहेर गेली. 2023 मध्ये कंपनीने अमेरिकेतील 49 राज्ये व राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी 4 कोटी 95 लाख डॉलरची तडजोड केली. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात देणगीदाराला आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे. मात्र इतर कायद्यांसाठी जी नोंद जपणे भाग आहे, ती संस्थेला ठेवता येते. त्यामुळे फोन, ईमेल आणि वाढदिवसाची तारीख पुसून देणगीची हिशेबी नोंद तेवढी शिल्लक ठेवण्याची सोय प्रणालीत असावी लागते.