१२० क्रेडिट भरले की बिझनेसची पदवी मिळते?

अमेरिकेत बिझनेसची पदवी घ्यायला जाणाऱ्या मुलांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: विषय कुठलेही घ्या, १२० क्रेडिट (विषय पास झाल्यावर खात्यात जमा होणारी एककं) झाले की पदवी हातात. बहुतेक विद्यापीठांत १२० हा आकडा खरा आहे, पण ती फक्त किमान बेरीज. गाडी अडते ती भलतीकडेच.

खरी गोम पूर्वअटींच्या साखळीत आहे. शेवटी येणाऱ्या स्ट्रॅटेजीच्या विषयाआधी सहसा फायनान्स आणि मार्केटिंग झालेलं लागतं. फायनान्सआधी अकाउंटिंग, बऱ्याचदा स्टॅटिस्टिक्सही. आणि स्टॅटिस्टिक्सआधी कॉलेजचं बीजगणित. एका सत्रात एकच कडी पुढे सरकते. नको ते गणित म्हणून बीजगणित तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ढकललं, तर त्यापुढे स्टॅटिस्टिक्स, फायनान्स, स्ट्रॅटेजी अशी तीन सत्रं उरतात; चौथ्या वर्षात नेहमीची सत्रं दोनच! उन्हाळी सत्रात विषय मिळाला तर ठीक, नाहीतर पाचवं वर्ष.

'डी' श्रेणी तर फसवीच. क्रेडिट जमा होतात, पण अनेक ठिकाणी पुढच्या विषयाला किमान 'सी' लागतो. विषय पुन्हा घ्यायचा आणि क्रेडिट मात्र एकदाच मोजणार.

कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) आणलेले क्रेडिट बेरजेत धरतात. वरच्या पातळीच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विषयांची अट त्यांनी सहसा भागत नाही.

म्हणून दर सत्राच्या नोंदणीआधी डिग्री ऑडिट (पदवीच्या कुठल्या अटी पुऱ्या झाल्या, कुठल्या राहिल्या ते दाखवणारा विद्यापीठाचा तक्ता) काढा आणि एकूण बेरजेऐवजी 'अपूर्ण' असलेल्या ओळी वाचा.