अठरा वर्षं पूर्ण झाली की मदत बंद? एक खुलासा

“बालगृहातल्या मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की त्याला बाहेर काढतात, पुढे कसलीच मदत मिळत नाही.” हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा वाटतो, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. बालगृहातला मुक्काम साधारणपणे अठराव्या वर्षी संपतो.

पण मदत तिथे संपत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ उघडून बघा. कलम २ मधल्या व्याख्यांत ‘अनुरक्षण’ आहे : संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ ते २१ वर्षांच्या तरुणांना आर्थिक किंवा इतर आधार. कलम ४६ त्याबद्दलच आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षांची सोय आहे. शिवाय सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती व्यवस्था आणि प्रशिक्षण काळातलं विद्यावेतनही.

मात्र हे आपोआप दारात येत नाही. कायद्यातला शब्द ‘देता येईल’ असा आहे, त्यामुळे पाठपुरावा करावाच लागतो. मार्गदर्शक ताई-दादाची खरी गरज इथे असते. मी ज्या मुलाला रविवारी भेटायचो, त्याने कधी बँकेची स्लिप भरली नव्हती. पत्त्याच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. “दादा, इथे आता काय लिहू?”

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर अठरावा वाढदिवस येण्याआधीच जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि अनुरक्षणाबद्दल लेखी विचारा. आधार, गुणपत्रिका आणि संस्थेतल्या वास्तव्याचा दाखला सोबत ठेवा.