मिडी फाइल, मींड आणि संगणकाने रचलेल्या चाली : पार्श्वभूमी

मिडीचा, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी सुरांच्या आज्ञा एकमेकांना देण्याच्या पद्धतीचा, आराखडा १९८३ साली ठरला, तो कीबोर्डवाल्यांच्या सोयीने. सूर म्हणजे दाबलेल्या पट्टीचा क्रमांक, ० ते १२७. मधला 'सी' ६०, म्हणून काळी एकचा (सी शार्पचा) सा ६१. चॅनेल, म्हणजे आज्ञा जाण्याच्या वेगळ्या वाटा, सोळा. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) काढायला पिच बेंड हा सूर वाकवणारा संदेश दिला खरा, पण तो एकेका सुराला नाही, अख्ख्या चॅनेलला. शिवाय बेंडचा आकडा (० ते १६३८३, मध्य ८१९२) किती सूर वाकवायचा हे सांगतच नाही. ते ऐकणाऱ्या वाद्यावर सोडले. पेटीवाल्यांचे यात काही बिघडले नाही, त्यांच्याकडे मींड नव्हतीच. गळ्याचे मात्र बिघडले.

बहुतेक वाद्ये बेंडचा पल्ला दोन अर्धस्वर धरतात. शुद्ध मध्यमावरून षड्जावर यायचे तर पाच लागतात, म्हणून नाट्यपदांच्या फायली करणारे पल्ला बारा ठेवतात. ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि तिथे पल्ला दोनच असला, की ती मींड शुद्ध गंधारालाही न टेकता वरच लटकते. चाल बेसूर वाटते आणि दोष फाइलवर जातो. उपाय जुनाच आहे: त्याच चॅनेलवर, पहिल्या सुराच्या आधी पल्ला सांगणाऱ्या आज्ञा घालाव्यात. कंट्रोलर (वाद्याची मांडणी बदलणारी क्रमांकित आज्ञा) १०१ ला ०, १०० ला ०, ६ ला १२, ३८ ला ०, मग १०१ आणि १०० दोन्हींना १२७. सगळे एकाच टिकवर (फाइलमधल्या वेळेच्या सर्वांत लहान घरावर) ठेवले तर क्रम उलटण्याची भीती, म्हणून थोडे अंतर ठेवावे. काही सॉफ्टवेअर वाद्ये हे मानत नाहीत. तिथे पल्ला हातानेच लावायचा.

२०१८ मध्ये प्रत्येक सुराला वेगळे चॅनेल देणारी एमपीई पद्धत आली, २०२० मध्ये मिडी २.०. निर्णय दुरुस्त व्हायला पस्तीसहून जास्त वर्षे लागली, आणि आजही एमपीई फाइल आयात करताना काही प्रोग्राम सगळी चॅनेल एकात ओततात.

गोव्यात फायली दोन वाटांनी येतात. चर्चच्या शाळांतून आलेल्या नोटेशनच्या परंपरेतल्या फायली मात्रेला चोख, पण जोर सगळीकडे सारखा. जत्रेतल्या नाटकाला कीबोर्डवर थेट वाजवून घेतलेल्यांत लय जिवंत असते, पण मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) नसल्याने फाइल मुकाट्याने मिनिटाला १२० ठोके धरते आणि झपतालाची सम भलतीकडेच पडते. ५/४ (पाच मात्रांचा बार) लावून दोन बारमध्ये दहा मात्रा बसवाव्यात, प्रत्येक सम हाताने जुळवावी. १९९१ च्या जनरल मिडीत, म्हणजे वाद्यांच्या ठरवलेल्या सामाईक यादीत, दहाव्या चॅनेलवर तालवाद्ये ठरली, त्यांत घुमट हे गोव्याचे मातीच्या घटाचे तालवाद्य नाही. आरतीच्या फायलींत तो काँगा या ढोलाच्या ६२ ते ६४ या क्रमांकांवर बसवलेला सापडतो.

संगणकाकडून चाल रचून घेण्याचा प्रयोग १९५७ इतका जुना. आजची साधने मात्र स्केल लॉकवर, म्हणजे ठरवलेल्या सुरांबाहेर जाऊ न देणाऱ्या सोयीवर, विसंबतात. ६१, ६३, ६५, ६८, ७० (सा रे ग प ध) एवढे कुलूपबंद केले की भूप आणि देशकार या रागांत फरकच उरत नाही. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, देशकाराचा धैवत, हे यंत्राला कोण सांगणार? म्हणून स्केलऐवजी चार-सहा मात्रांचे रागवाचक तुकडे आयात करून द्यावेत. देण्याआधी सुरपेटीचा लांब सा आणि कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) काढून ट्रॅकवर एका वेळी एकच सूर ठेवावा, नाहीतर प्रत्येक दुसरी जागा षड्जाची येते. आणि मींड हवी असेल तर उतरण्याचे सूर सुटे लिहावेत, कारण यातली बरीच साधने पिच बेंड वाचत नाहीत, फक्त पट्टीचे क्रमांक मोजतात.