पार्सल वितरणातील श्रमसंबंध (इंदूर)

पार्सल वितरणातील श्रमसंबंध म्हणजे पार्सल कंपनी आणि तिचा माल उतरवणारे, पत्त्याप्रमाणे छाटणारे (सॉर्ट करणारे) व घरोघरी पोचवणारे लोक यांच्यातले नाते. वेतन, कामाचे तास, अपघाताची जबाबदारी, तक्रारीची सोय आणि संघटनेचा हक्क हे सगळे त्यात येते. पण आधी ठरावे लागते ते हे, की पार्सल पोचवणाऱ्याला कंपनी आपला कामगार मानते की नाही. पगारापासून पंख्यापर्यंत बाकीचे सारे त्यावर अवलंबून असते.

इंदूर हे माळव्यातले मालवाहतुकीचे जुने ठाणे. मुंबई-आग्रा रस्ता, म्हणजे इथल्या बोलण्यातला एबी रोड, शहरातून जातो. देवास नाका, लसूडिया मोरी या बाजूला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामे पहिल्यापासून आहेत आणि ऑनलाइन खरेदी वाढली तशी पार्सलचा धंदाही तिकडे पसरला. लांबून येणाऱ्या गाड्या रात्री हबवर, म्हणजे मुख्य गोदामावर, लागतात, पहाटेपर्यंत छाटणी चालते आणि सकाळी बॅगा वस्त्यांमधल्या डिलिव्हरी सेंटरवर जातात.

या साखळीत सुपरवायझर, टीम लीडर असे थोडेच लोक कंपनीच्या पगारपत्रकावर असतात. लोडर आणि सॉर्टर बहुधा ठेकेदाराचे. रात्रपाळी, पाठीवर ओझे, सणासुदीला वाढलेले तास असे त्यांचे काम. धान्य मंडीतल्या हम्मालाकडे निदान मंडी समितीचा परवाना असतो आणि महाराष्ट्रात माथाडींसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे; पार्सल हबवरच्या लोडरला या दोन्हींपैकी काही लागू होत नाही. त्याला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) मिळायला हवे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा ईएसआयच्या कक्षेत येतो आणि त्याचे रुग्णालय गिरणी कामगारांच्या जुन्या वस्तीत, नंदानगरात आहे. मात्र ठेकेदाराने नाव भरले असेल तरच तिथला केसपेपर निघतो.

रायडरची, म्हणजे दुचाकीवरून घरोघरी पार्सल पोचवणाऱ्याची, गोष्ट वेगळी आहे. त्याला बहुतेक ठिकाणी दर पार्सलमागे पैसे मिळतात. गाडी, पेट्रोल, टायर, मोबाइलचा डेटा, सारा खर्च त्याचा. सकाळी सेंटरच्या शटरपुढे दुचाकी लावायची, आपल्या रूटची पार्सले स्कॅन करून घ्यायची, पाठीवर मोठी बॅग, टाकीवर एक खोके, पायाशी पोते, आणि निघायचे. पत्ता कधी 'मारुतीच्या देवळामागे, पिवळा बंगला' एवढाच असतो. ग्राहकाने फोन उचलला नाही तर फेरी होते, पेट्रोल जळते, पण पार्सल परत येते आणि त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. संध्याकाळी सीओडीची (पार्सल देताना ग्राहकाकडून घेतलेली) रोकड मोजून जमा करायची. शंभराची एक नोट कमी भरली तरी ती त्याच्या हिशेबातून जाते.

लोकमान्यनगरात मे महिन्याच्या दुपारी एखादी आजी दार उघडून म्हणते, "अरे, आधी पाणी पी, मग सही घे." तो उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या अर्धा तांब्या घशाखाली घालतो, कारण रनशीटवर, म्हणजे दिवसाच्या पत्त्यांच्या यादीत, अजून तीस-चाळीस घरे बाकी असतात. कारखान्यात पिण्याचे पाणी, सावलीची जागा आणि स्वच्छतागृह पुरवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. रायडरचा कारखाना म्हणजे रस्ता, त्यामुळे पारा चाळीसच्या वर गेला तरी हे कर्तव्य कुणाच्याच नावावर लागत नाही. ते आजीने का निभवावे?

अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिस, अर्थात यूपीएस (स्थापना १९०७, सिअ‍ॅटल), हे याच्या अगदी उलट उदाहरण. तिथले चालक आणि गोदाम कामगार टीमस्टर्स या संघटनेचे सभासद आहेत. ऑगस्ट १९९७ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार कामगार १५ दिवस संपावर गेले. मुख्य तक्रार अर्धवेळ नेमणुकांची होती आणि तडजोडीत अशा १०,००० जागा पूर्णवेळ करण्याचे कंपनीने मान्य केले. २०२३ मध्ये पुन्हा संपाची तयारी झाली, पण तो होण्याआधीच करार झाला. अर्धवेळ कामगाराला तासाला किमान २१ डॉलर आणि २०२४ पासून घेतल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत वातानुकूलन ही त्यातली दोन कलमे. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीचा मुद्दा करारात आला, कारण तो मांडायला मान्यताप्राप्त संघटना होती. त्याच देशात फेडएक्सच्या ग्राउंड शाखेचे चालक मात्र 'स्वतंत्र ठेकेदार' म्हणवले जात. ते कामगारच आहेत, असा निर्णय एका अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातील चालकांच्या बाबतीत २०१४ मध्ये दिला.

भारतात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने 'गिग कामगार' (नेहमीच्या नोकरीबाहेर काम करून कमावणारा) आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' (असे काम ॲपसारख्या ऑनलाइन माध्यमातून करणारा) हे शब्द प्रथमच केंद्रीय कायद्यात आणले. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांनी (ग्राहक आणि सेवा देणारा यांना ॲपवर जोडणाऱ्या कंपन्यांनी) वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, अशी तरतूद आहे. हे स्वागतार्हच. पण संहितेची व्याख्याच गिग कामगाराला पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर ठेवते, आणि संघटनेची मान्यता, वाटाघाटी, संप यांचे नियम ज्या औद्योगिक संबंध संहितेत आहेत तिथे त्याचे नावही नाही. म्हणजे विमा मिळू शकतो, पण दर पार्सलमागचे पैसे अचानक कमी झाले तर कंपनीला टेबलाशी बसवण्याचा हक्क मिळत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. मध्य प्रदेशाने तसा केलेला नाही.

कामगार म्हणून नोंद असणे आणि नसणे यातला फरक समजायला इंदुरात लांब जावे लागत नाही. हुकुमचंद मिल ही इथली कापडगिरणी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांचे देणे थकले. लढा तीस वर्षांहून अधिक चालला, बरेच जण वाट पाहता पाहता गेले, आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. इतक्या वर्षांनंतर, काहींच्या बाबतीत वारसांनाही, दावा सांगता आला, कारण माणूस मिलचा कामगार होता हे कागदावर होते. हजेरीपट होता, तिकीट नंबर होता, गेट होते.

रायडरला काम आणि हिशेब कंपनीच्या ॲपवर मिळतो; त्याचा आयडी बंद झाला की ते ॲप उघडत नाही, आणि त्याने किती दिवस काम केले, किती पार्सले पोचवली, हा सगळा हिशेब त्या ॲपमध्येच राहतो. म्हणून जाणते रायडर नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, की रोज रात्री लॉगआउट करण्याआधी दिवसाच्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढ आणि घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेव.